१९९६ ची यामाहा सुपरजेट: उभ्याने चालवायची जुनी जेट स्की घ्यावी का, आणि घेतली तर काय काय उघडावं?

हुरॉनकाठी
मिशिगनमध्ये एक १९९६ ची सुपरजेट विकायला आहे. ७०१ सीसी, दोन कार्ब (कार्ब्युरेटर), एक्झॉस्ट कंपनीचाच. तीन वर्षं गॅरेजात उभी आहे. स्टार्टर मारला की फिरते, पण पकडत नाही. मालक म्हणतो, "फक्त कार्ब साफ करा, चालेल." तळाला दोन ठिकाणी खोल ओरखडे आहेत, ट्रेमधलं (उभं राहायच्या जागेतलं) मॅट सुटलंय. शनिवारी बघायला जाणार आहे. सोबत काय न्यायचं आणि काय दिसलं तर परत फिरायचं? टू-स्ट्रोक मोटरसायकलचं काम येतं, पाण्यातल्या इंजिनाचं येत नाही. मराठीत जे काही सापडतं ते सगळं तारकर्ली-गोव्याला असतात त्या बसून चालवायच्या स्कूटरबद्दल, म्हणून हा धागा.

पाना_तेरा
जुन्यात घ्यायला हे चांगलं मॉडेल आहे. १९९० ते ९५ चा हल (यंत्राचं बाहेरचं धड) चौकोनी नाकाचा, १९९६ ते २००७ गोल नाकाचा, आणि ही त्या दुसऱ्या हलची पहिलीच. म्हणजे बारा वर्षांचे हलचे सुटे भाग तुम्हाला चालतील. सिलिंडरवर ओतीव अक्षरांत '६२टी' दिसतं का बघा. '६१एक्स' असेल तर इंजिन आधीच्या मॉडेलचं बसवलंय. तेही चांगलंच इंजिन आहे, पण भाग मागवताना गोंधळ होतो.

सोबत न्या: १४ मिमी आट्यांचा काँप्रेशन गेज, प्लगचा पाना, एनजीके बीआर८एचएस प्लगांची नवी जोडी, चार्ज केलेली १२ व्होल्टची बॅटरी, विजेरी, घरातले दोन वजनकाटे. गेजचा व्हॉल्व्ह नळीच्या प्लगकडच्या टोकाला असला पाहिजे. गेजकडच्या टोकाला असेल तर नळीतली हवाही त्या सिलिंडरात मोजली जाते आणि आकडा उगाच कमी येतो.

आधी कागद आणि हलचा नंबर. मागच्या बाजूला १२ अक्षरांचा एचआयएन असतो, सुरुवात वाय-ए-एम अशी. शेवटचे दोन आकडे मॉडेल वर्षाचे, इथे ९६ हवेत. कागदावरचा आणि हलवरचा नंबर एकेक अक्षर लावून बघा. खाडाखोड असेल किंवा प्लेट खरवडलेली असेल तर तिथूनच परत फिरा.

मग प्लग काढून कपलर (इंजिन आणि पंपाचा शाफ्ट जोडणारा भाग) हाताने फिरवा. कुठे खरखर लागली, वाळू दळल्यासारखं जाणवलं, तर क्रँकच्या बेअरिंगला गंज आहे. तीन वर्षं उभ्या इंजिनात ही शक्यता मोठी. क्रँक हा या इंजिनातला सगळ्यात महाग भाग आहे, त्यामुळे खरखर लागली तर चालू इंजिनाच्या भावात अजिबात घेऊ नका.

काँप्रेशन घेताना प्लग वायरींत घालून धातूला टेकवून ठेवा, नाहीतर सीडीआय (ठिणगी देणारी इलेक्ट्रॉनिक पेटी) जातो. थ्रॉटल पूर्ण दाबून धरा आणि सुई थांबेपर्यंत, म्हणजे पाच-सहा फेरे, फिरवा. कंपनीच्या हेडवर चांगल्या ७०१ ला १५० पीएसआयच्या आसपास मिळतात. गेजागणिक पाच-दहाचा फरक धरा. नुसता आकडा बघू नका. दोन सिलिंडरांतला फरक दहा टक्क्यांच्या वर गेला तर एकाला काहीतरी झालंय.

रेझिनवाला
वजन नक्की करा, बहुतेक लोक तेच विसरतात. हलच्या आत फोम भरलेला असतो. कुठला तरी बोल्ट सैल झाला, सीलंट गेलं की पाणी त्या फोममध्ये मुरतं आणि आपोआप कधीच बाहेर येत नाही. बाहेरून काही दिसत नाही. नाकाखाली एक काटा, शेपटीखाली एक काटा, मध्ये लाकडी ठोकळे, आणि दोन्ही आकड्यांची बेरीज. कोरडं वजन १३२ किलो दिलेलं आहे. त्यात बॅटरीचे सहा-सात किलो आणि टाकीत असेल तेवढं पेट्रोल धरा (पूर्ण टाकी १८ लिटर, म्हणजे जवळपास १३ किलो). त्याच्या वर जे येईल ते पाणी.

ट्रेवर अंगठ्याने दाबत जा. मॅटखाली पचपच झालं, किंवा बोटाच्या पेराने वाजवल्यावर आवाज एका जागी भरीव आणि शेजारी पोकळ आला, तर तिथे फोम सुटलाय.

कोकणखाडी
उभ्याची नाही, पण ७०१ ची माहिती आहे. हेच कुटुंब यामाहाच्या बसक्या मॉडेलांतही होतं: वेव्ह रेडर ७००, वेव्ह व्हेंचर ७००. हल फुटलेल्या बसक्या यंत्रातलं इंजिन स्वस्तात मिळू शकतं. सिलिंडर, क्रँक, केस वापरता येतात. एक्झॉस्ट आणि विजेची पेटी मात्र स्वतःचीच ठेवा.

यंत्र खाऱ्या पाण्यात फिरलंय का हे विचारा, आणि उत्तरावर विसंबू नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे बोल्ट बघा. बोल्टाच्या डोक्याभोवती पांढरी पूड जमली असेल तर ते मीठ आणि अॅल्युमिनियमचा गंज आहे. असे बोल्ट थंडपणी जोर लावून सोडवायला गेलात तर हमखास तुटतात. आधी भेदक तेल मारून रात्रभर ठेवा, मग हीट गनने भोवतालचं अॅल्युमिनियम तापवा, मग पाना लावा.

हुरॉनकाठी
जाऊन आलो. नंबर आणि कागद जुळले. क्रँक गुळगुळीत फिरतो. काँप्रेशन पुढचा १०५, मागचा १४८. वजन १५८ किलो, टाकीत अंदाजे चार लिटर. बंद इंजिनाचाच भाव ठरला आणि घेतली. आता पुढच्या सिलिंडरला पिस्टन-रिंग मागवू का? एकच बदलला तर चालेल का?

पाना_तेरा
थांबा. अजून काहीच मागवू नका, आणि हेडलाही हात लावू नका.

मागचा १४८ म्हणजे ठणठणीत. पुढचा एकटाच गेलाय. दोन्ही सिलिंडरांना पेट्रोल एकाच टाकीतून, तेल त्याच पेट्रोलातून, पाणी एकाच पंपातून. असं असताना एकच सिलिंडर जातो, त्याचा अर्थ पुढच्यापुरतं काहीतरी बिघडलंय, आणि ते अजून तसंच आहे. नवा पिस्टन टाकून तसंच पाण्यात उतरवलंत तर तोही त्याच वाटेने जाणार. जुन्या जेट स्कीवर सगळ्यात जास्त पैसा याच चुकीत जातो: मेलेला भाग बदलला जातो, त्याला मारणारं कारण आतच राहतं.

पुढच्यापुरती कारणं मोजकीच आहेत. एक, पुढच्या कार्बची जाळी तुंबलेली किंवा पडदा कडक झालेला. दोन, फ्लायव्हीलकडचं क्रँक सील. या इंजिनात फ्लायव्हील नाकाकडे असतं, आणि क्रँककेसच्या दोन खोल्या मधल्या अडसराने वेगळ्या केलेल्या असतात. त्यामुळे पुढचं सील हवा ओढायला लागलं की पुढचाच सिलिंडर उपाशी (हवा जास्त, पेट्रोल कमी) चालतो. तीन, पुढच्या बाजूचं इनटेकचं किंवा सिलिंडरखालचं गॅस्केट.

म्हणून इंजिन एकसंध असतानाच हवेची चाचणी करा. एकदा सिलिंडर उचलला की पुरावा गेला.

कार्ब काढा, मॅनिफोल्ड आणि रीड (इनटेकची एकमार्गी पाती) जागेवरच ठेवा. कार्बच्या दोन्ही तोंडांना पाच-सहा मिमी अॅल्युमिनियमची पट्टी आणि खाली रबर. पट्टीला निपल, दोन्ही निपल टीने जोडून एकच हातपंप. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून तिथेही रबर आणि पट्टी. पल्सच्या (क्रँककेसचा दाब कार्बच्या पंपाला देणाऱ्या) निपलांवर टोप्या, प्लग घट्ट. मग ८ पीएसआय भरा. दहाच्या वर जाऊ नका, चांगलं सीलही दाबाने उलटतं. पाच मिनिटं सुई हलता कामा नये. हलली तर भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून प्रत्येक सांध्यावर फवारा. पुढच्या सीलसाठी फ्लायव्हीलचं कव्हर आणि फ्लायव्हील काढावं लागेल. त्याला आट्यांचा पुलर लागतो. दोन जबड्यांचा पुलर कडेला लावून ओढू नका, कड तुटते.

डायफ्रॅम
कार्बचं माझ्याकडून. हे मिकुनी सुपर बीएन ३८ आहेत. यात फ्लोट नाही, सगळा कारभार रबरी पडद्यावर चालतो. तीन वर्षं इथेनॉलवालं पेट्रोल आत वाळलं असेल तर पडदा कडक झालाच असणार. "साफ करून" तो मऊ होत नाही. दोन्ही कार्बना मिकुनीचेच किट टाका. स्वस्त किटातला पडदा जाड असतो आणि सुईचा दाब बिघडवतो.

उघडण्याआधी हाय आणि लो दोन्ही स्क्रू हलक्या हाताने आत टेकवा आणि किती फेरे लागले ते लिहून ठेवा. पंपाच्या झाकणाखाली बारीक गोल जाळी असते, ती पुढच्या कार्बात आणि मागच्या कार्बात शेजारी ठेवून बघा. हिरवट-तपकिरी चिकट थर पुढच्याच जाळीवर असेल तर एक संशयित सापडला. सुईची दांडी कार्बच्या तळाच्या पातळीत बसवा. त्यानंतर पॉप-ऑफ दाब (सुई ज्या दाबाला उघडते तो) मोजा, पण सुई ओली करून. कोरडी सुई दर वेळी वेगळा आकडा देते. तीन वेळा मोजा. दोन्ही कार्बचा आकडा सारखा येणं हे त्या आकड्याहून महत्त्वाचं आहे.

एक बारीक गोष्ट. टाकीकडे परत जाणाऱ्या नळीच्या निपलमध्ये छोटं भोक असलेला रोध असतो. कोणी नवी नळी लावताना तो काढून टाकला तर पेट्रोल सगळं परत टाकीत पळतं, कार्बात दाबच राहत नाही.

आणि टाकीचा श्वास. टाकीच्या हवेच्या नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह असतो: हवा आत जाऊ द्यायची, पेट्रोल बाहेर नाही. तोंडाने फुंकून बघा, एका बाजूने जायलाच हवी. तो अडकला की यंत्र पाच मिनिटं सुरेख चालतं, मग टाकीत पोकळी तयार होते आणि पूर्ण थ्रॉटलवर पेट्रोल कमी पडतं. "छान चालत होती" अशी कित्येक यंत्रं यातच गेलीत. व्हॉल्व्ह मिळतो चार पैशाला, नवा टाका.

उन्हाळी_तळं
हे जरा अतीच होतंय. १०५ म्हणजे रिंगा चिकटल्या असतील. हेड उचला, होन मारा (सिलिंडर आतून घासा), एक पिस्टन टाका. दोन तासांचं काम.

पाना_तेरा
रिंगा चिकटल्याही असतील, पण त्या का चिकटल्या हे होन सांगत नाही. हवेची चाचणी एका संध्याकाळचं काम आहे आणि पट्ट्या-रबर मिळून खर्च किरकोळ. चाचणी पास झाली तर तुम्ही म्हणता त्याप्रमाणेच करू.

हुरॉनकाठी
चाचणी झाली. ८ पीएसआय दीड मिनिटात ३ वर आलं. इनटेक आणि सिलिंडरखाली कोरडं, पण फ्लायव्हील काढल्यावर क्रँकभोवती साबणाचा फेस सतत फुगत होता. पुढच्या कार्बची जाळी मागच्यापेक्षा घाण, पण उजेडाला धरली तर आरपार दिसते. टाकीचा व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंनी बंद. मग सिलिंडर उचलला. पुढच्या पिस्टनला एक्झॉस्टच्याच बाजूला उभे ओरखडे आहेत, रिंगा त्या बाजूला खोबणीत चिकटल्यात. मागचा स्वच्छ.

पाना_तेरा
सगळं एकमेकाला धरून आहे. ओरखडे कुठे आहेत यावरून कारण वाचता येतं. चार कोपऱ्यांत चार उभे पट्टे असतील तर थंड इंजिन एकदम ताणलेलं, किंवा बोअरमध्ये जागा कमी ठेवलेली. इनटेकच्या बाजूला असतील तर तेल कमी. फक्त एक्झॉस्टच्या बाजूला असतील तर इंजिन उपाशी किंवा तापलेलं. तुमचं तिसरं, आणि ते सीलशी जुळतं. बंद व्हॉल्व्हने दोन्ही सिलिंडरांना त्रास दिला असणार, पण त्याशिवाय सीलमधून हवा ओढणारा होता पुढचा, म्हणून आधी तो गेला.

सीलसाठी क्रँककेस उघडावी लागेल. सील केसच्या खोबणीत बसतं, बाहेरून बदलत नाही. केस उघडताय तर मागचंही सील बदला. इंजिन उचलताना प्रत्येक माउंटखाली पातळ पत्र्याचे शिम असतील. कुठल्या कोपऱ्यातून किती निघाले हे मार्करने लिहून पिशवीत ठेवा. ते शिम अदलाबदल झाले तर कपलर एका रेषेत येत नाही, रबराचा डँपर भुगा होतो आणि मधल्या शाफ्टचं बेअरिंग जातं. परत बसवल्यावर कपलरच्या दोन्ही भागांवर सरळ पट्टी टेकवून वरून आणि बाजूने बघा, फट दिसता कामा नये.

केसच्या सांध्याला यामाबाँड (यामाहाचं सीलंट), पातळ एकसारखा थर. जास्त लावलं तर दाबून आत येतं आणि बेअरिंगच्या तेलाची भोकं बुजवतं.

बोअरवर पिस्टनचं अॅल्युमिनियम चिकटलं असेल तर म्युरिअॅटिक अॅसिडने फक्त तेवढाच डाग पुसा, बाहेर उघड्यावर, हातमोजे घालून. पोर्टच्या कडांच्या अॅल्युमिनियमला ते लागू देऊ नका. डाग गेल्यावर नखाला चरा लागला तर बोअर मारायलाच हवा (सिलिंडर कापून थोडा मोठा करायलाच हवा), आणि मग दोन्ही सिलिंडर एकाच ओव्हरसाइजला. मूळ माप ८१ मिमी. बोअर मारणाऱ्याला नवे पिस्टन हातात द्या, फोर्ज्ड पिस्टनला ओतीव पिस्टनपेक्षा जास्त जागा लागते, ती पिस्टनच्या कागदावर लिहिलेली असते. पोर्टच्या कडा मोडून घ्यायला आठवणीने सांगा. धारदार कडेवर रिंग अडकली की पहिल्याच मिनिटात तुटते.

बसवताना बाण एक्झॉस्टकडे, रिंगेचं तोंड खोबणीतल्या खुंटीवर, सर्क्लिप नवे आणि त्यांचं तोंड सरळ वर किंवा सरळ खाली. सर्क्लिप लावताना क्रँककेसचं तोंड फडक्याने बंद करा. आणि सगळं जोडून झाल्यावर हवेची चाचणी पुन्हा, तेच ८ पीएसआय. ती पास झाल्याशिवाय पेट्रोल घालू नका.

रेझिनवाला
आता पाण्याचं बोलू. १३२, बॅटरी, चार लिटरचे तीन किलो: १४२ धरले तरी सोळा किलो पाणी मुरलंय. इंजिन बाहेर आहे तोवरच हे काम करा.

पाणी कुठून आलं ते आधी. पंपाच्या बोगद्याचे आणि राइड प्लेटचे (पंपाखालच्या तळपट्टीचे) बोल्ट, हँडलपोलच्या ब्रॅकेटचे बोल्ट, हूडच्या कडीचे स्क्रू. प्रत्येक काढून जुनं सीलंट खरवडून नवं लावा. हे न करता वाळवलंत तर पुढच्या ऑगस्टला पुन्हा सोळा किलो.

इंजिनाच्या खोलीच्या मागच्या भिंतीत, तळाला, दोन भोकं पाडून नाक खाली करून उभं केलं तर मोकळं पाणी निघतं. फोममध्ये शोषलेलं निघत नाही, महिनाभर ठेवलं तरी. खरा उपाय म्हणजे ट्रेचा तळ कापून ओला फोम खरवडून काढणं. कडेपासून चार बोटं आत कापा, म्हणजे परत बसवायला ओठ राहतो. पंपाच्या बोगद्याच्या वर कापताना करवतीचं पातं उथळ ठेवा. नवा फोम दोन भागांचा, बंद पेशींचा, घनफुटाला दोन पौंडांचा. हवा २० अंशांच्या वर असताना थोडा थोडा ओता आणि वर जायला वाट ठेवा. एकदम ओतलात तर फुगून डेक उचलतो.

तळाचे ओरखडे: हा हल एसएमसीचा (साच्यात दाबलेल्या फायबरग्लासचा) आहे. त्यावर बोटींसाठी मिळतं ते पॉलिस्टर रेझिन नीट धरत नाही, वर्षभरात पापुद्रा सुटतो. इपॉक्सीच वापरा. आधी अॅसिटोनने पुसा, मग ४० नंबरचा कागद, मग परत अॅसिटोन. पुसण्याआधी घासलंत तर मेण आणि ग्रीस चऱ्यांत दाबलं जातं. कड जाडीच्या बारा पट उतरती करा, तीन मिमीला छत्तीस मिमी. इपॉक्सीबरोबर विणलेलं कापड घ्या. चटईसारख्या मॅटमधला बाइंडर स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत तो तसाच राहतो आणि मॅट भिजत नाही.

कोकणखाडी
पंपही बघून घ्या. इंपेलर (पंपाचा पंखा) आणि वेअर रिंग (त्याभोवतीचं कडं) यांच्यात फीलर गेज चहूबाजूंनी फिरवा. ०.६ मिमीपेक्षा जास्त फट म्हणजे रिंग संपली. मग इंजिन ओरडतं आणि यंत्र पुढे जात नाही. फट ठीक असूनही तसंच होत असेल तर पंप आणि हल यांच्यामधलं सिलिकॉन सुटलंय, तिथून हवा येते.

पाण्याची नळी लावून चालवताना क्रम चुकवू नका. आधी इंजिन चालू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. इंजिन बंद असताना नळ चालू राहिला तर पाणी एक्झॉस्टमधून उलटं सिलिंडरात जातं.

हुरॉनकाठी
चाचणी पास. ८ पीएसआय, दहा मिनिटं, सुई जागची हलली नाही. बोअर ८१.५, दोन्ही पिस्टन नवे, टाकीचा व्हॉल्व्ह नवा. वजन आता १४१. पहिल्या टाकीला तेल किती, आणि पाच गॅलनच्या कॅनला औंसांत कसं मोजायचं?

पाना_तेरा
पहिली टाकी २५:१, टीसी-डब्ल्यू३ (पाण्यातल्या टू-स्ट्रोक इंजिनांचं) तेल. लिटरला ४० मिली, पाच गॅलनला २५.६ औंस. त्यानंतर ४०:१, लिटरला २५ मिली, पाच गॅलनला १६ औंस. पुस्तकात ५०:१ आहे आणि तेही चालतं, पण ४०:१ ला धूर थोडा वाढतो एवढंच. कॅनमध्ये आधी तेल ओता, मग पेट्रोल, म्हणजे ढवळलं जातं.

पहिली पाच मिनिटं आयडलच्या थोडं वर. मग एक तास अर्ध्या थ्रॉटलपर्यंत, वेग सतत वर-खाली करत. थंड असताना ताणू नका, ते चार पट्टे आठवा. हूड बंद केल्यावर दम कोंडल्यासारखं झालं आणि उघडल्यावर सुधारलं, तर एक्झॉस्टचा सांधा आत गळतोय, कार्बला हात लावू नका.

हुरॉनकाठी
आणि उलटली तर कुठल्या बाजूने सरळ करायची?

कोकणखाडी
हलच्या मागच्या बाजूला स्टिकरवर बाण असतो, तो फिरवतो त्याच बाजूने. उलट्या बाजूने फिरवली तर वॉटरबॉक्समधलं (एक्झॉस्टच्या पेटीतलं) पाणी इंजिनात येतं. स्टिकर पुसट झाला असेल तर रंग देण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा आणि तसाच नवा लावून घ्या.